खुर्चीचा पगार

“मागता येतं का तुम्हाला?”

कुमुदताई अथणीकरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. जावा विचारतील, डेटाबेस विचारतील, म्हणून आठवडाभर उजळणी करून मी मुलाखतीला गेलो होतो. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चुकलं.

“काय मागता येतं का?”

“पैसे हो. दुसरं काय मागणार?”

मी खिशातलं पेपरचं कात्रण काढून टेबलावर ठेवलं. ‘कर्णबधिर मुलांच्या संस्थेस डेव्हलपमेंट ऑफिसर पाहिजे. संगणकाचे ज्ञान आवश्यक.’ मी डेव्हलपर होतो. पुण्यात चार वर्षं बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो. मग दोन हजार नऊची मंदी आली, आमच्या मजल्यावरची निम्मी माणसं एका शुक्रवारी घरी गेली आणि त्यांत मीही होतो. सांगलीला आईवडिलांकडे परत आलो होतो. आसपासच्या गावांत ‘डेव्हलपमेंट’ हा शब्द असलेली ती एकच जाहिरात माझ्या नजरेला पडली होती.

ताईंनी कात्रण वाचलं आणि त्या मोकळेपणी हसल्या. “हा शब्द आमच्या पुण्याच्या विश्वस्तांचा. मोठ्या संस्थांमध्ये देणग्या गोळा करणाऱ्याला असंच म्हणतात म्हणे. मी म्हणत होते, साधं ‘मदतनीस’ लिहा. ते म्हणाले, मदतनीस लिहिलं तर शिकलेलं कुणी येणार नाही. आता तुम्ही आलात, तेही चुकून.”

मी उठायला हवं होतं. पण मिरजेपर्यंत आलोच होतो आणि ताईंनी चहा मागवला होता. शेजारच्या खोलीतून ‘पा... पा... पा...’ असा आवाज येत होता. ताई म्हणाल्या, “चहा येईस्तोवर बघा तरी.”

वर्गात सहा-सात मुलं अर्धवर्तुळात बसली होती. हिरव्या पंजाबी ड्रेसमधल्या एक बाई एका लहान मुलीच्या ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरून बसल्या होत्या. ‘प’ नीट उच्चारला की तोंडातून हवेचा झोत येतो आणि पट्टी हलते. मुलीला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, पण पट्टी हललेली दिसत होती. ती हलली की मुलगी टाळ्या वाजवायची आणि बाकीची मुलंही वाजवायची. त्या बाई म्हणजे रुख्साना मुल्ला, शाळेतल्या वाचा-शिक्षिका. आम्ही सगळे त्यांना मुल्ला मॅडम म्हणायचो.

चहा पिताना ताईंनी शाळेची हकीकत सांगितली. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. रेल्वे कॉलनीत शेजारच्या गँगमनची मुलगी रुळांवर खेळत होती आणि मागून शंटिंगचं इंजिन येत होतं. शिट्टी साऱ्या कॉलनीला ऐकू गेली, मुलीला गेली नाही. ताईंनी तिला ओढून काढलं. त्यानंतर त्या तिला आपल्या ओट्यावर बोलायला शिकवू लागल्या. मग आणखी दोघं आली, मग ताईंनी स्वतः रीतसर शिक्षण घेतलं, आणि ओट्यावरच्या त्या वर्गाची ‘बोलका वर्ग’ ही संस्था झाली. सरकारी अनुदान नव्हतं. जे होतं ते मागून आणलेलं.

“मानधन नऊ हजार,” ताई म्हणाल्या. “मी स्वतः एक रुपया घेत नाही.” हे दुसरं वाक्य त्या, कुणी आपली पदवी सांगावी तसं सांगत.

“पुण्यात किती मिळत होते?” त्यांनी विचारलं.

“बावन्न.”

“हजार?”

“हजार.”

“मग तुम्ही काही इथं टिकणार नाही.”

“बाजार पुन्हा उघडेपर्यंत राहीन,” मी खरं तेच सांगितलं.

“तोपर्यंत राहा,” त्या म्हणाल्या. “कॉम्प्युटर कोपऱ्यात आहे. त्याला सुरू व्हायला जरा वेळ लागतो.”

घरी सांगितलं तेव्हा आईनं हातातली भाजी बाजूला ठेवली. “म्हणजे पावतीपुस्तक घेऊन दारोदार? गणपती मंडळासारखं?”

“तसंच काहीसं.”

“उन्मेष, शेजारी कुणी विचारलं तर मी काय सांगू?”

“डेव्हलपमेंटमध्ये आहे म्हणून सांग,” वडील पेपरातून मान वर न काढता म्हणाले. “खोटं तर नाही.”

मागणं अवघड असतं, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. फोनवर शाळेची माहिती मी छान सांगायचो, पण रक्कम सांगायची वेळ आली की जीभ अडखळायची. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ असं म्हणून मी सुटका करून घ्यायचो आणि लोकांना एकशे एक रुपये योग्य वाटायचे. ताईंची पद्धत वेगळी होती. त्या काहीही घ्यायच्या. तांदूळ, खडू, जुने पंखे, कुणाच्या तरी बारशातले उरलेले लाडू. नाही म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

मी हळूहळू शिकलो. आधी दिलेल्यांना परत फोन करायचा, काही न मागता. फक्त त्यांच्या पैशातून काय झालं ते सांगायचं. लोक चकित व्हायचे. एका डॉक्टरांनी मला विचारलं, “हे सांगायला फोन केलात? मग मागणार कधी?” मी म्हणालो, “पुढच्या महिन्यात.” ते हसले आणि त्यांनी पुढच्या महिन्याची वाट न बघता चेक पाठवला. मला त्या कामाची गोडी लागायला लागली होती. पण संध्याकाळी घरी गेलो की मी पुण्याच्या कंपन्यांना अर्ज करतच होतो.

गणपतीनंतरच्या एका दुपारी मुल्ला मॅडम ऑफिसात आल्या. ऑफिस म्हणजे एकच खोली, ताईंचं टेबल खिडकीपाशी आणि माझं दाराशी. मी उठून बाहेर जायला निघालो तर मॅडम म्हणाल्या, “बसा सर, गुपित काही नाही.” मग ताईंकडे वळल्या. “ताई, कोल्हापुरात कानांच्या मशीनचं दुकान निघालंय. मुलांची तपासणी करायला त्यांना माणूस हवंय. मी हो म्हणून आलेय.”

ताईंनी पेन खाली ठेवलं. “वर्ग सोडून?”

“अठरा हजार देतात ताई. इथं सहा.”

“रुख्साना, तू इतक्या वर्षांत कधी पैशाचं बोलली नाहीस.”

“तुम्ही बोलू दिलं नाहीत. मी दोनदा विषय काढला. तुम्ही म्हणालात, आपण सेवा करतो, मी तर काहीच घेत नाही. त्यावर मी काय बोलणार?”

“म्हणजे शेवटी पैशासाठीच चाललीस.”

मॅडमचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. “हो ताई. माझ्या अर्शदच्या शाळेत फी मागतात, तिथं सेवाभाव चालत नाही. घरभाडं आहे. तुम्हाला गार्डसाहेबांचं पेन्शन आहे. मला नाही.”

बाहेर मुलं जेवणाचे डबे वाजवत होती; त्यांना तो आवाज ऐकू येत नसला तरी हाताला जाणवायचा आणि तो त्यांना फार आवडायचा.

“कधीपासून?” ताईंनी विचारलं.

“महिनाअखेरीला जाईन.”

मॅडम गेल्यावर ताई मला म्हणाल्या, “बघितलंस? पोटच्या मुलीसारखी सांभाळली.” मला मॅडमचं म्हणणं पटत होतं आणि ताईंकडे बघवत नव्हतं.

त्यांच्या जागी कुणी मिळेना. दोघीजणी विचारायला आल्या, आकडा ऐकून चहासुद्धा न घेता गेल्या. मॅडम गेल्या की छोट्यांचा वर्ग बंद पडणार, हे उघड होतं. त्या वयात एक वर्ष वाया गेलं तर मूल बोलण्यात कायमचं मागं पडतं, हे ताईंनीच मला शिकवलं होतं.

तेव्हा मी इचलकरंजीच्या बाबगोंडा मगदूमांचं नाव काढलं. त्यांचा सुताला खळ लावायचा कारखाना होता आणि दोनेकशे यंत्रमाग होते. पत्नी वारल्यापासून तिच्या नावानं काहीतरी करायचं त्यांच्या मनात आहे, असं त्या फोनवाल्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी प्रस्ताव तयार केला. ताईंनी त्यात दुरुस्त्या केल्या. मी शिक्षकांच्या खर्चाचं पान पुढं ठेवलं होतं, त्यांनी ते मागं टाकलं आणि नव्या इमारतीचं पान वर आणलं. “देणाऱ्याला डोळ्यांना दिसणारं काहीतरी लागतं,” त्या म्हणाल्या. “मानधनासाठी कुणी देत नाही.”

ज्या सकाळी आम्ही इचलकरंजीला निघालो, त्याच सकाळी मला पुण्याहून मेल आला. नवी कंपनी, जुनंच काम, पासष्ट हजार. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. मी त्याचा प्रिंट काढला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि ताईंना काही न सांगता एसटीत बसलो.

मगदूमांचं ऑफिस कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून शिजणाऱ्या खळीचा उग्र, आंबूस वास येत होता आणि मागच्या शेडमधला मागांचा खडखडाट पायाखालच्या फरशीतून जाणवत होता. माणूस सत्तरी ओलांडलेला, पांढरी टोपी, पांढरा शर्ट. सगळे त्यांना आण्णा म्हणत होते.

“बसा की. ताक घेणार का चहा?”

ताक आलं. आण्णांनी चष्मा लावून प्रस्ताव वाचायला घेतला. पान न पान वाचलं. इमारतीचं चित्र त्यांनी नुसतं उलटलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

“हे मानधन म्हणजे काय?”

“आमच्या शिक्षिका सेवाभावानं काम करतात,” ताई म्हणाल्या. “त्यांना थोडंफार—”

“सहा हजार. महिन्याला?”

“हो.”

“माझ्याकडं मागाच्या कांड्यांवर सूत भरणारी बाई याच्या आसपास घेते. तिनं काही शिकलेलं नसतंय. ह्या बाई किती शिकल्यात?”

“पदवी आणि त्यावर दोन वर्षांचा डिप्लोमा.”

“हं.” त्यांनी पुढं वाचलं. “आणि तुम्ही?”

ताई ताठ बसल्या. “मी एक रुपया घेत नाही. तेवीस वर्षं झाली.”

हे वाक्य आल्यावर पुढं काय होतं ते मी तोवर पुष्कळदा पाहिलं होतं. समोरचा माणूस हात जोडायचा, कधी पाया पडायचा, मग पाकीट काढायचा. आण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मग मला भीती वाटती, बाई.”

“भीती?”

“तुमचं वय काय?”

“चौसष्ट.”

“मी एकाहत्तर. आपण दोघं काय इथं कायमचं राहणार नाही. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर कोण बसणार?”

“येईल कुणीतरी. आजवर देवानं—”

“फुकट?”

ताईंनी ताकाचा पेला बाजूला सरकवला.

“मी इमारत बांधून देतो. दारावर आमच्या मालूचं नाव लावाल. पाच वर्षांनी तुमचे गुडघे धरले, तुम्ही घरी बसला, की त्या दाराला कुलूप लागतंय. कुलपाच्या वर तिचं नाव.” त्यांनी मान हलवली. “नको. मला ते बघायचं नाही.”

मग ते माझ्याकडे वळले. “आणि हे कोण?”

“आमचे डेव्हलपमेंट ऑफिसर,” ताई म्हणाल्या.

“म्हणजे काय करता?”

“मागायचं काम करतो,” मी म्हणालो.

त्यांना ते आवडलं असावं, ओठाच्या कोपऱ्यात जरा हसले. “किती देतात?”

“नऊ हजार.”

“आणि याआधी?”

“पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होतो. बावन्न.”

“मग किती दिवस टिकणार तुम्ही?”

खिशातला कागद मला एकदम जड वाटला. काहीतरी बोलायला हवं होतं. ‘मला हे काम आवडतं’ असं म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं, पण त्यांनी ते विचारलं नव्हतं. मी गप्प राहिलो. ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि माझ्या गप्प राहण्यातून त्यांना जे कळायचं ते कळलं.

आण्णा उठले. “पुन्हा लिहून आणा. प्रत्येक माणसाला बाहेर जे मिळतंय ते लिहा. उगा वाढवू नका, कमी पण करू नका. तुमचं स्वतःचं पण लिहा, बाई. मग बघतो. हो म्हणालो असं समजू नका.”

एसटी स्टँडवर मिरजेची गाडी लागलेली नव्हती. बाहेर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं आम्ही बाकावर बसलो. ताईंनी ग्लास हातात धरला आणि प्यायच्या विसरल्या.

“कुठून आलंय बोलावणं?” त्यांनी विचारलं.

मी कागद काढून दिला. त्यांनी आकडा वाचला आणि घडी होती तशीच घालून परत केला.

“कधी सांगायचंय?”

“सोमवारी.”

“जाशील?”

“माहीत नाही ताई.”

मला वाटलं, आता मॅडमना बोलल्या तसं मलाही बोलतील. त्या चरकाकडे बघत राहिल्या. रसवाला तोच ऊस दुमडून पुन्हा चरकात घालत होता.

“लहानपणी माझे वडील घरातल्या पैशाचा हिशेब आईला विचारायचे,” त्या म्हणाल्या. “पै न् पैचा. लग्नानंतर यजमान विचारायचे. चांगले होते, पण विचारायचे. वर्ग सुरू केला तेव्हा पहिल्यांदा मला कुणी काही विचारेना. का माहितीये? मी काही घेत नव्हते म्हणून. विश्वस्त एखाद्या गोष्टीला नाही म्हणायला लागले, की मी म्हणायचे, मी फुकट राबतेय. की सगळे गप्प. रुख्सानालाही मी तसंच गप्प केलं.” त्यांनी पहिल्यांदा ग्लास तोंडाला लावला आणि परत खाली ठेवला. “मी त्याला सेवा म्हणत होते, उन्मेष. सेवा होतीच. पण मला त्या फुकटचा फार उपयोग होता.”

मिरजेची गाडी आली. आम्ही चढलो.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा त्या माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. कॉम्प्युटर त्यांनी आधीच सुरू करून ठेवला होता.

“लिही,” त्या म्हणाल्या. “वाचा-शिक्षिका. रुख्सानाला कोल्हापुरात किती देतात?”

“अठरा.”

“अठरा लिही. दुसरी शिक्षिका, सोळा. मुलांना सांभाळणाऱ्या मावशींना सात.” एकेक ओळ झाली. मग त्या थांबल्या.

“तुमचं किती लिहू?”

“ते मला कसं कळणार?” त्या खरंच गोंधळल्या होत्या. “माझी किंमत मी कधी केलीच नाही. तू सांग.”

“मी कसं सांगणार, ताई?”

त्यांनी जरा विचार केला. “तू त्या खुर्चीवर बसायला किती घेशील? माझ्या. पुण्याचा आकडा मनात धरू नकोस. घरी आईवडील आहेत, उद्या लग्न होईल, मूल होईल, रोज सकाळी कुरकुर न करता यायचंय. तेवढ्याला किती लागतील?”

मी मनात हिशेब केला. मोठेपणा करायचा नाही, असं ठरवून केला. “अठ्ठावीस.”

“लिही.”

मी लिहिलं. त्या पडद्याकडे बघत होत्या. आपलं नाव आणि त्यापुढं आकडा असं त्यांनी याआधी कुठंच पाहिलं नव्हतं. “फार दिसतंय रे,” त्या म्हणाल्या आणि लगेच, “नको, राहू दे. ते माझं नाही. खुर्चीचं आहे.”

“आणि माझ्या कामाचं?”

“तेही तूच सांग. पण तू राहणार असशील तर तुझ्यासाठी सांग, जाणार असशील तर तुझ्यानंतर येणाऱ्यासाठी. दोन्हीकडे आकडा एकच यायला हवा.”

मी चोवीस लिहिलं. लिहिता लिहिताच माझ्या लक्षात आलं की एवढ्यावर मी राहीन. पासष्टाच्या निम्मेही नव्हते, पण मला पुरत होते आणि त्यात कुणावर उपकार केल्यासारखं वाटत नव्हतं. नऊ हजारांवर मी ताईंसाठी राहिलो असतो आणि वर्षभरात त्यांच्यावरच चिडलो असतो. सोमवारी मी पुण्याला नकार कळवला. आण्णांचं उत्तर तेव्हा आलेलं नव्हतं. आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. वडिलांनी फक्त विचारलं, “डेव्हलपमेंटमध्येच आहेस ना?”

आण्णांनी घाई केली नाही. महिनाअखेरीला मुल्ला मॅडम गेल्या. मुलांनी त्यांना रंगवलेली पानं दिली, ताई वर्गात आल्या नाहीत. छोट्यांचा वर्ग बंद राहिला. दोन मुलांचे पालक त्यांना घेऊन गावी गेले, ती मुलं परत आली नाहीत. त्याचं वाईट मला आजही वाटतं. दिवाळी झाल्यावर आण्णा न सांगता शाळेत आले, एक सकाळ मागच्या बाकावर बसून राहिले आणि जाताना म्हणाले, “इमारत नको. तीन वर्षांचे पगार देतो. पुढची तजवीज ह्या मागणाऱ्यानं करायची. आणि बाई, पाच वर्षांत खुर्ची दुसऱ्याला द्यायची.” ताईंनी ते त्यांच्यासमोर कबूल केलं, आणि पाळलंही. त्या खुर्चीवर आज साताऱ्याच्या एक बाई बसतात. त्यांनी मुलाखतीत पहिला प्रश्न पगाराचा विचारला होता आणि ताईंनी त्यांना तिथल्या तिथं निवडलं. मी अकरा वर्षं तिथं होतो. आता एका रुग्णालयासाठी हेच काम करतो.

पण सांगायचं होतं ते जानेवारीतलं. ताईंचा पहिला पगार बँकेत जमा झाला. त्यांनी पासबुक भरून आणलं आणि माझ्यासमोर धरलं. “यात दोनशे कमी आहेत.”

“व्यवसाय कर आहे ताई. पगारदारांना भरावा लागतो.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. पासबुक पर्समध्ये टाकून त्या म्हणाल्या, “शनिवारी कोल्हापूरला जायचंय. येतोस?”

मुल्ला मॅडमचं दुकान राजारामपुरीत होतं. काचेचं दार, पांढऱ्या भिंती, भिंतीवर कानांची चित्रं. ताईंना दारात पाहून मॅडम उभ्याच राहिल्या.

“रुख्साना, तुझी जागा अजून भरलेली नाही. अठरा देऊ शकते आता,” ताई दारातूनच म्हणाल्या. त्यांना आडून बोलायला जमायचं नाही. “पण आधी दुसरं सांगायचंय. त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. तू तुझ्या पोराच्या फीसाठी चाललीस, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. मी तुला लाज वाटायला लावली.”

मॅडमनी टेबलावरच्या वस्तू उगाच सारख्या केल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, इथं आता एकवीस झालेत.”

“काय?”

“एकवीस देतात म्हटलं.”

“किती?”

मॅडमनी ताईंकडे नीट पाहिलं. मग मान खाली घालून, ओठ दिसणार नाहीत अशा बेतानं त्या काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं, ‘ताई, चहा घेणार का?’ ताई नुसत्या बघत राहिल्या.

ताई मोठ्यानं बोलायच्या, ती आम्ही वर्गातली सवय समजत होतो. त्या सतत तोंडाकडे बघायच्या, तीही सवयच समजत होतो. सारा जन्म बहिऱ्या मुलांमध्ये काढलेल्या बाईकडे त्या नजरेनं बघायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही.

“बसा,” मॅडम म्हणाल्या, या वेळी समोर तोंड करून. “तपासते.”

ताई नको म्हणाल्या नाहीत. काचेच्या खोलीत जाऊन हेडफोन लावून बसल्या. आवाज आला की बोट वर करायचं, हे शेकडो मुलांना शिकवलेल्या ताई हात मांडीवर ठेवून वाट बघत होत्या. बोट फार वेळा वर गेलं नाही.

“कधीपासून?” बाहेर आल्यावर मॅडमनी विचारलं.

“दोनेक वर्षं असतील. डाव्या कानानं जरा कमी.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“कुणाला सांगणार? मशीन घ्यायचं म्हणजे पेन्शनमधनं भागत नव्हतं. संस्थेच्या पैशातून घेतलं असतं तर एका मुलाचं कमी झालं असतं.”

मॅडम आत गेल्या आणि डबी घेऊन आल्या. एक मशीन त्यांनी ताईंच्या डाव्या कानामागं बसवलं, बारीक बटण फिरवत राहिल्या. “आता?”

ताई दचकल्या. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, जणू दुकानात आणखी माणसं आली होती. “हे काय वाजतंय?”

“पंखा, ताई.”

“पंखा इतका वाजतो?”

“त्यात तेल घालायला हवंय,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते ओढणीनं पुसले. “ताई, मी येणार नाही परत. इथं माझं नीट चाललंय. पण शनिवारी सुट्टी घेऊ शकते महिन्यातून एकदा. नव्या शिक्षिकेला दाखवायला येईन. त्याचे पैसे द्यायचे.”

“देईन की. किती घेशील?”

“सांगेन.” मग त्यांनी पावतीचं पान काढलं. “याची किंमत चौदा हजार आहे. मालकांना सांगून मी निम्म्यात करून देते.”

ताईंनी पर्समधून चेकबुक काढलं. चष्मा लावला. पेनाचं टोपण दातात धरून आकडा अक्षरी लिहिला, पूर्ण चौदा हजार, आणि चेक फाडून मॅडमच्या हातात दिला.

“निम्म्यात नको,” त्या म्हणाल्या. “मी कमावती बाई आहे.”